एका शब्दाच्या जागीं दुसरा

बदलापूर परिसरांतील सोनिवलीच्या एखाद्या घरीं वडिलार्जित पत्रें आहेत, आणि घरच्या मंडळींनीं तीं टंकून संगणकांत उतरविलीं आहेत, असें समजावें. एकेका पत्राची एकेक फाइल, अशा दोनशें फायली. ठिकठिकाणीं 'कल्याण कॅम्प' असा उल्लेख येतो. दुसऱ्या महायुद्धांतील ही लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं तेथें कोनशिला बसविली आणि वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. आजच्या मुलांना उमगावें म्हणून वाचावयाच्या प्रतींत नवें नांव घालावें, असें कोणास वाटलें, तर दोनशें फायली उघडीत बसण्याचें कारण नाहीं. संगणकाला एका ओळीची आज्ञा टंकून देतां येते.

त्यासाठीं दोन साधनें आहेत. दोन्ही अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत निर्माण झालीं. केन टॉम्प्सन यांचें 'ग्रेप' शब्द शोधून ती ओळ दाखवितें. 'सेड' शब्द पालटतें. सेडचें सूत्र असें: एस हें अक्षर, तिरपी रेघ, जुना शब्द, तिरपी रेघ, नवा शब्द, पुन्हा तिरपी रेघ, आणि शेवटीं जी. हा जी राहिला, तर प्रत्येक ओळींतील पहिलाच शब्द बदलतो. एवढ्यानें पालटलेला मजकूर केवळ पडद्यावर दिसतो. आज्ञेंत उणे चिन्ह व आय हें अक्षर घातलें, म्हणजे मात्र फाइलच बदलते.

घोटाळा होतो तो येथें. यंत्राला अक्षरें दिसतात, अर्थ दिसत नाहीं. कंटाळा करून नुसतेंच 'कल्याण' दिलें, तर कल्याण स्टेशनावर उतरलेला पाहुणा उल्हासनगरास उतरतो, आणि आजोबांनीं लिहिलेलें 'तुझें कल्याण होवो' हें 'तुझें उल्हासनगर होवो' असें होऊन बसतें! उलट आज्ञा दिल्यानेंहि तें सुधारत नाहीं. कारण १९४९ नंतरच्या पत्रांत जें मूळचेंच उल्हासनगर होतें, तेंहि मग कल्याण होतें. खरें कोणतें आणि पालटलेलें कोणतें, हें सांगणारी खूण फाइलींत उरत नाहीं.

मराठीची आणखी एक अडचण आहे. 'बदलापूर' शोधलें तर 'बदलापुरास' सांपडत नाहीं, कारण विभक्ति लागतांच दीर्घ उकार ऱ्हस्व होतो. तेव्हां ग्रेपला 'बदलाप' या अक्षरांपुढें चौकोनी कंसांत दोन्ही उकार आणि मग 'र' असें द्यावें लागतें. पत्रांतून 'कॅम्प', 'कँप' अशीं रूपें मिसळलेलीं असलीं, तर तींहि निरनिराळीं शोधावीं लागतात.

म्हणून आधीं ग्रेपनें सगळ्या ओळी काढून वाचाव्या, मगच सेड चालवावें. आणि आयला लागून टिंब देऊन 'बॅक' असें शेपूट जोडावें, म्हणजे मूळ फाइल त्या शेपटीच्या नांवानें शिल्लक राहते. तिच्यांत १९४८ चा कॅम्प कॅम्पच राहतो.