मापातले भय

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने आठ रसांमध्ये भयानकाला स्थान दिले आणि त्याबरोबरच एक अवघड प्रश्न काव्यमीमांसेच्या पदरात टाकला: ज्या भावनेपासून प्रत्येक सजीव दूर पळतो, तीच रंगमंचावर अवतरली की प्रेक्षक तिच्याकडे ओढला का जातो? हा प्रश्न नाटकापुरता मर्यादित नाही, कारण नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा मध्यरात्रीपर्यंत वाचणारे वाचक, जत्रेतल्या आकाशपाळण्यात किंचाळत बसणारी आणि खाली उतरताच पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभी राहणारी मुले, आणि भयपटाला पैसे मोजून जाणारे प्रेक्षक हे सारे एकाच कोड्याची उदाहरणे आहेत. अलीकडच्या काळात मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांनी हे कोडे प्रयोगाच्या कक्षेत आणले असून, त्यातून हाती आलेले उत्तर जुन्या मीमांसकांच्या तर्काशी विलक्षण जुळणारे आहे.

भयाची शारीरिक प्रक्रिया सुरू होण्यात अमिग्डाला या, मेंदूच्या दोन्ही बाजूंना खोलवर असलेल्या बदामाच्या आकाराच्या पेशीसमूहाचा मोठा वाटा असतो. अमेरिकी मेंदूवैज्ञानिक जोसेफ लेडू यांच्या मांडणीनुसार धोक्याची सूचना या केंद्राकडे दोन मार्गांनी पोहोचते: एक मार्ग आखूड आणि ढोबळ असून तो शरीराला तत्काळ सावध करतो, तर दुसरा मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे सविस्तर विश्लेषण करणाऱ्या बाहेरच्या थरातून, वळसा घेत येतो आणि समोरचा साप आहे की दोरी याचा निवाडा करतो. दरम्यान मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनॅलीन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो आणि स्नायूंकडे जाणारा रक्तपुरवठा वाढतो. वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये वर्णन केलेली हीच ती ‘लढा किंवा पळा’ प्रतिक्रिया होय. दोरीची ओळख पटल्यावरही शरीरातला हा उद्रेक लगेच शमत नाही, आणि डॉल्फ झिलमन यांच्या मते संकट टळल्यानंतरची सुटकेची भावना या शिल्लक उत्तेजनेमुळेच एरवीपेक्षा तीव्र वाटते.

मात्र सुटकेचा हा सिद्धांत निम्मेच उत्तर देतो. आनंद केवळ भय संपल्यावर मिळत असता, तर भयपटाचे दोन तास ही निव्वळ शिक्षा ठरली असती. एडुआर्डो आंद्रादे आणि जोएल कोहेन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भयपटांचे चाहते भय आणि आनंद एकाच वेळी अनुभवत असल्याचे आढळले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, एरवी भयपट टाळणाऱ्यांना पडद्यावरील व्यक्ती अभिनेते आहेत याची आठवण करून देणारी माहिती सोबत दिली, तेव्हा त्यांनाही भयाबरोबर आनंद जाणवू लागला. मानसशास्त्रज्ञ मायकेल ॲप्टर ज्याला संरक्षक चौकट म्हणतात, म्हणजे आपण प्रत्यक्ष धोक्यात नाही ही मनाच्या पार्श्वभूमीवर सतत जागी असलेली जाणीव, ती शाबूत असेल तरच तीच धडधड सुखद ठरते.

काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी शाकुंतलातील पळणाऱ्या हरणाचा दाखला घेऊन नेमका हाच मुद्दा मांडला होता. रसिकाला जाणवते ते भय ‘माझे’, ‘शत्रूचे’ किंवा ‘मित्राचे’ राहत नाही, ते स्थळकाळाच्या बंधनातून सुटते, आणि म्हणूनच दुःखद न होता आस्वाद्य होते. मराठीत न. चिं. केळकर यांनी बडोद्याच्या 1921 च्या साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पनाही याच अंगाने जाते: वाचक पात्राशी एकरूप होतो, परंतु स्वतःचे भान पूर्णपणे हरवत नाही. साहित्याच्या अनुभवातून केलेले हे निरीक्षण पुढे प्रयोगशाळेत तपासण्याजोगे निघावे, ही मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

सुरक्षिततेची जाणीव आवश्यक असली, तरी ती पुरेशी नाही, कारण अतिसुरक्षित अनुभव कंटाळवाणा होतो. भयाची मात्रा किती असावी, या प्रश्नाचा सर्वांत नेटका शोध डेन्मार्कमध्ये घेतला गेला. आर्हुस विद्यापीठातील मार्क माल्मडॉर्फ अँडरसन, माथियास क्लासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायले येथील एका व्यावसायिक भयगृहात 110 अभ्यागतांना हृदयगती मोजणारी उपकरणे लावली, दचकवणाऱ्या प्रसंगांच्या ठिकाणी कॅमेरे बसवले आणि प्रत्येकाला आपले भय व आनंद यांचे मोजमाप विचारले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आनंदाचा आलेख उलट्या यू अक्षरासारखा निघाला: अगदी कमी भ्यालेल्यांना मजा आली नाही, अतिशय भ्यालेल्यांनाही आली नाही, आनंदाचे शिखर मधल्या पट्ट्यात होते. हृदयगतीतील बारीक चढउतारही हेच सांगत होते, कारण ते नेहमीच्या स्थितीपासून फार दूर किंवा फार जवळ राहिले की आनंद घटत होता. संशोधकांच्या मते मेंदू पुढे काय घडणार याचा अंदाज सतत बांधत असतो, आणि तो अंदाज थोडासा चुकून पुन्हा सावरता येईल अशा परिस्थितीत त्याला विशेष रस वाटतो. खेळातल्या आनंदाचे मूळही बहुधा तेथेच असावे.

हा मधला पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो. मार्विन झुकरमन यांनी 1964 पासून विकसित केलेल्या संवेदनशोधाच्या मोजपट्टीवर, म्हणजे नव्या आणि तीव्र अनुभवांची ओढ मोजणाऱ्या प्रश्नावलीवर, काही जण बरेच वर तर काही जण बरेच खाली असतात. त्यामुळे भयपट न सोसणाऱ्या माणसाला भित्रा ठरवणे अन्यायाचे आहे. भयगृहातही काही अभ्यागत भय वाढवण्याचा, तर काही डोळे मिटून किंवा सोबत्याला बिलगून ते आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न करतात, आणि डॅनिश संशोधकांच्या दुसऱ्या एका पाहणीत दोन्ही गटांचे समाधान जवळजवळ सारखेच आढळले.

भयाची मात्रा स्वतःच्या हाती ठेवण्याच्या या कौशल्याचा उपयोग आता चिंताग्रस्त मुलांसाठीही केला जात आहे. नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यासलेल्या ‘माइंडलाइट’ या संगणकीय खेळात मूल एका झपाटलेल्या वाड्यात शिरते, आणि डोक्यावरील पट्टी त्याच्या मेंदूतील विद्युतलहरी टिपत असल्याने ते जितके शांत होईल तितका त्याच्याजवळचा प्रकाश वाढतो. 174 मुलांवर घेतलेल्या चाचणीत या खेळाने चिंता कमी करण्यात, विचार आणि वर्तन बदलण्यावर आधारलेल्या प्रचलित उपचारपद्धतीच्या तोडीचा परिणाम दाखवला, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले आहे.