अडकलेल्या नांगराचा बावटा

कोकणात बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला, की होड्या मुकाट्यानं खाडीत येतात. ‘जाऊ नका’ असंच तो सांगतो. केंट परगण्यातल्या रॅम्सगेट बंदरात संपादकांनी मला पाठवलं ते मात्र अशाच हवेत समुद्रावर निघणाऱ्या माणसांचा बावटा पाहायला.

ही माणसं जीवरक्षक होड्या चालवणाऱ्या एका संस्थेची; तिचा इतिहास थोडक्यात सांगते. मॅन बेटावर राहणाऱ्या सर विल्यम हिलरींच्या पुढाकारानं ती ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये स्थापन झाली. ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ हे नाव १८५४ पासूनचं.

जानेवारी १८८१. योकोहामाला निघालेलं ‘इंडियन चीफ’ हे जहाज थेम्सच्या मुखाबाहेर लाँग सँड या वाळूच्या दांड्यावर रुतलं. रॅम्सगेटची ‘ब्रॅडफर्ड’ ही जीवरक्षक होडी ‘व्हल्कन’ या वाफेच्या टगबोटीमागे बांधून निघाली. जहाज सापडण्याआधीच अंधार पडला. तांडेल चार्ल्स फिश आणि त्याचे सोबती रात्रभर उघड्या होडीत, हाडं गोठवणाऱ्या तुषारांत उजाडायची वाट पाहत बसले. परत फिरले नाहीत. सकाळी डोलकाठीला बिलगलेली माणसं त्यांनी उतरवून घेतली. अकरा जण वाचले. बंदर सोडून सव्वीस तास झाले होते.

या घटनेनं लिओनोरा प्रेस्टन ही बाई हलून गेली, असं सांगतात. १८८४ मध्ये तिनं संस्थेसाठी बावटा रेखला: सेंट जॉर्जचा लाल क्रॉस, निळी किनार, संस्थेची अक्षरं, मुकुट आणि नांगर. संस्थेनं तो अधिकृत बावटा म्हणून स्वीकारला १९०८ मध्ये. चोवीस वर्षं गेली!

मी रेंगाळले ती त्या नांगरापाशी. त्याला दोराचा वेढा बसलेला आहे. असा नांगर कुठल्याच खलाशाला नको असतो; टाकला तर धरत नाही, ओढला तर सुटत नाही. ब्रिटिश आरमाराची ही जुनी खूण, तिथूनच ती आली असावी. तरी या बावट्यावर ती मला सर्वांत खरी वाटली. या होडीला हाक येते तीच मुळी कुणी तरी समुद्रात असं अडकल्यावर.

काळजी वाटते ती मुकुटाची. १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग ब्रिटनपासून वेगळा झाला, पण संस्थेनं तिथला किनारा सोडला नाही. आजही दोन्ही देशांत तीच होड्या चालवते, लोकांच्या देणग्यांवर आणि बहुतेक स्वयंसेवकांच्या बळावर. ज्या मुकुटाशी आयरिश माणूस लढला, तो त्याच्याच गावच्या होडीच्या खुणेत आहे. हे कुणाला खुपलं, तर त्याला चूक कसं म्हणू? खूण बदलावी, तर लिओनोराचं चित्र मोडतं.

पण आयर्लंडमधलीच एक गोष्ट सांगते. फेब्रुवारी १९३६ मध्ये कॉर्कजवळच्या डॉन्ट रॉकची दीपनौका वादळात नांगर तुटून वाहू लागली. बॅलीकॉटनचा तांडेल पॅट्रिक स्लायनी आणि त्याची माणसं याच संस्थेची होडी घेऊन गेली. ४९ तास समुद्रात काढून त्यांनी दीपनौकेवरचे आठही जण उतरवून आणले.