सांधेबदल आणि रक्ताची गुठळी

गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजलेला सांधा काढून तेथे कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या परिचयाची झाली आहे. सांधा नीट बसला, टाके सुकले, रोगी घरी आला, की सारे पार पडले असे आपण मानतो. परंतु या शस्त्रक्रियेनंतरचा एक मोठा धोका सांध्यात नसतो. तो पायाच्या शिरांत असतो, आणि पुष्कळदा घरी परतल्यावरच डोके वर काढतो.

पायाच्या खोल शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते, हे रूडोल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. गुठळी का धरते, याची तीन कारणे आजही त्याच्याच नावाने सांगितली जातात : रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. सांधेबदलात ही तिन्ही एकत्र येतात. शस्त्रक्रियेत शिरा पिळल्या जातात. जखम भरून काढण्यासाठी रक्त गोठू पाहते. आणि रोगी अंथरुणाला खिळतो.

पायाचे रक्त वर चढविण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. ते आवळले की शिरा दाबल्या जातात, आणि शिरांतील झडपा रक्ताला मागे येऊ देत नाहीत. चालणे थांबले, की हा पंपच बंद पडतो. म्हणून डॉक्टर शक्य तर त्याच दिवशी रोग्याला उभे करतात व घोटे वरखाली हलवावयास सांगतात. ‘दुखते आहे, पडू द्या त्यांना’ असे म्हणणारे घरचे लोक मायेनेच बोलतात. पण ती माया येथे घातक ठरते.

जोडीला औषध हवे. १९७५ साली विजय कक्कर या लंडनमधील भारतीय वंशाच्या शल्यचिकित्सकाने मोठ्या शस्त्रक्रियांच्या चार हजारांहून अधिक रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. हेपारिन न दिलेल्या गटात १६ जण फुप्फुसातील गुठळीने दगावल्याचे शवविच्छेदनात आढळले. थोड्या मात्रेत हेपारिन दिलेल्या गटात अवघे २. आज इंजेक्शनांबरोबर गोळ्याही मिळतात, आणि काही रोग्यांना ॲस्पिरिनही देतात. गुडघ्यानंतर ही औषधे बहुधा दोन आठवडे तरी चालतात, खुब्यानंतर पाच आठवड्यांपर्यंत.

या औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो, ही भीती निराधार नाही. म्हणूनच पूर्वी गुठळी झाली असल्यास, पोटात व्रण असल्यास किंवा दुसरी औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. मात्र भीतीपोटी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

एका पोटरीला सूज, ठणका, उष्णता किंवा लाली आली, तर तेल लावून चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा घेरी आली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. ही लक्षणे रोग्याइतकीच घरच्या माणसांनीही पाठ करून ठेवावीत. कारण त्या पाच आठवड्यांत पहारा त्यांचाच असतो.