पानातला हिरवा, रक्तातला लाल

मे महिन्यात गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या जंगलात पहाटेच तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते. दुपारी घराघरांत सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. हजार पुडे म्हणजे ७०,००० पाने. ही मोजणी हाताच्या सवयीची. पण त्या पानांतला हिरवा रंगच मोजायचा म्हटला तर?

पानातल्या मुख्य हरितद्रव्याचा एक रेणू १३७ अणूंचा असतो: कार्बनचे ५५, हायड्रोजनचे ७२, ऑक्सिजनचे ५, नायट्रोजनचे ४ आणि मधोमध मॅग्नेशियमचा एकच. हिरव्या पानात ग्रॅममागे हे द्रव्य साधारण एक-दोन मिलिग्रॅम असते. एकच मिलिग्रॅम धरला, तरी रेणू भरतात ६७ कोटी अब्ज. सेकंदाला एक या वेगाने ते मोजायला २,१०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय आहे १,३८० कोटी वर्षे!

आता पाने तोडणाऱ्या बोटातला रक्ताचा एक थेंब घ्या. त्यात सुमारे २५ कोटी तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू आणि प्रत्येक रेणूत लाल रंगाच्या चार चकत्या. म्हणजे एका थेंबात अशा २७ कोटी अब्ज चकत्या.

नवल पुढेच आहे. पान आणि माणूस, दोघेही रंगाचा सांगाडा एकाच नमुन्याचा घडवतात, चार नायट्रोजनचे कडे असलेला. त्या कड्यात मॅग्नेशियम बसले की पुढे हरितद्रव्य होते. लोह बसले की रक्ताचा लाल.

या लाल चकत्या प्रथिनाच्या साखळ्यांनी धरलेल्या असतात. त्यांतल्या बीटा साखळीत अमिनो आम्लांचे १४६ मणी. त्यांतला सहावा बदलला, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले, की ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. चकती शाबूत, लोह शाबूत, १४५ मणी शाबूत. तरीही गडचिरोलीतल्या कित्येक घरांत मुलांचे सांधे रात्र-रात्र ठणकतात. हाच सिकलसेल.

आई-वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांतही या बदलाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक. वाहकाला बहुधा कसलाच त्रास नसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. कोटी-अब्जांच्या या हिशेबात लग्न जुळवण्याआधी प्रत्येक घराने लक्षात ठेवायचा आकडा एवढाच: चारांत एक. आणि तपासणीला लागते थेंबभर रक्त.