आईबाबांच्या विमानप्रवासात लाउंज : हे दार कुणासाठी उघडते?

मुलगी अमेरिकेत असते. तिच्या बाळंतपणासाठी आई निघते, सोबत बाबाही. पहाटे मुंबईहून विमान, साडेतीन-चार तासांनी दोहा, तिथे पाच तासांचा थांबा आणि मग न्यूयॉर्कपर्यंत जवळपास १४ तास. आईचे गुडघे दुखतात म्हणून मुलीने वर्षभर पैसे बाजूला टाकून दोघांची बिझनेस क्लासची तिकिटे काढलेली असतात. दोघे सुखरूप पोहोचतात. घरी आल्यावर मुलगी उत्साहाने विचारते, ‘‘दोहाचा लाउंज कसा वाटला?’’

आई म्हणते, ‘‘आम्ही गेलोच नाही गं. दाराशी सुटाबुटातली माणसे उभी होती. आत किती पैसे घेतील कोण जाणे! गेटपाशी खुर्च्या होत्या, तिथेच बसलो. डबा होता सोबत.’’

असा संवाद थोड्याफार फरकाने अनेक घरांत घडतो. ज्या सोयीचे पैसे तिकिटातच भरलेले होते, ती समोर असूनही आईबाबा पाच तास लोखंडी खुर्चीवर अवघडून बसले. चूक त्यांची नाही. मुलांनी तिकीट पाठवले, व्हीलचेअर सांगितली, शाकाहारी जेवण नोंदवले, पण ‘त्या दारातून आत जायचे आहे, तो तुमचा हक्क आहे’ हे सांगायचे राहून गेले. तुमच्या घरातले कुणी अशा प्रवासाला निघत असेल किंवा तुम्ही स्वतः पहिल्यांदा लाउंजमध्ये जाणार असाल, तर या काही गोष्टी आधीच माहीत करून घ्या.

लाउंज म्हणजे नेमके काय?

विमानतळावरची सर्वांसाठीची बसायची जागा आणि लाउंज यांत मुख्य फरक शांततेचा. लाउंजमध्ये सोफे, जेवण, चहा-कॉफी, वायफाय, स्वच्छ प्रसाधनगृह आणि मोठ्या लाउंजमध्ये अंघोळीची व झोपण्याची सोयही असते. ही कल्पना तशी जुनी आहे. १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘अॅडमिरल्स क्लब’ सुरू केला. सुरुवातीला तिथे फक्त निमंत्रितांनाच प्रवेश असे. नेते, उद्योगपती, सिनेतारे यांनी आपल्याच विमानाने प्रवास करावा, हा त्यामागचा हेतू होता.

आजही काही लाउंज थक्क करणारे आहेत. जर्मनीत फ्रँकफर्टला लुफ्तान्साने २००४ मध्ये फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी चक्क वेगळी इमारतच उभारली. सुरक्षा तपासणी आणि पासपोर्टची तपासणी तिथेच होते, अंघोळीसाठी टब असतात आणि विमानाची वेळ झाली की गाडी थेट विमानापाशी नेऊन सोडते. तिथल्या टबमधली रबराची छोटी बदके प्रवासी आठवण म्हणून घरी आणतात!

पण आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध येतो तो बिझनेस क्लासच्या लाउंजशी. भारतातून युरोप-अमेरिकेला जाणारे कितीतरी प्रवासी आखाती देशांत विमान बदलतात. म्हणून उदाहरणासाठी आपण दोहाच्याच लाउंजमध्ये एक फेरी मारू.

चला, दोहाच्या लाउंजमध्ये

दोहाचा हमद आंतरराष्ट्रीय विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला. विमानातून उतरल्यावर पुढच्या विमानासाठी तुमची पुन्हा सुरक्षा तपासणी होते. ती आटोपून मुख्य दालनात आलात की दिव्याखाली बसलेले एक प्रचंड पिवळे अस्वल दिसते. उर्स फिशर या स्विस कलाकाराचे हे शिल्प जवळपास ७ मीटर उंच आहे. आईबाबांना खूण सांगायची तर हीच सांगा. ‘पिवळ्या अस्वलापाशी उभे राहा’ हे कुणीही विसरत नाही.

याच भागात कतार एअरवेजच्या बिझनेस क्लासचा ‘अल मुरजान’ लाउंज आहे. दाराशी बोर्डिंग पास दाखवायचा, तो यंत्रावर टेकवला जातो आणि ‘वेलकम’ म्हणून तुम्हाला आत सोडतात. पैसे मागत नाहीत, जेवणाचे बिल येत नाही. आत उंच छत, मधोमध पाणी, वरच्या मजल्याकडे जाणारा गोल जिना आणि दूरवर पसरलेले सोफे. खाण्याची सोय, शांत खोल्या, शॉवर, मुलांसह आलेल्या कुटुंबांसाठी वेगळी जागा असे सगळे एकाच ठिकाणी आहे.

विमानतळाचा विस्तार झाल्यावर २०२३ मध्ये उत्तरेकडच्या भागात ‘अल मुरजान गार्डन’ हा दुसरा लाउंज सुरू झाला. त्याच्या काचेतून खाली ‘ऑर्चर्ड’ नावाची बाग दिसते. छताखाली वाढवलेली ही बाग ६,००० चौरस मीटरची आहे. वाळवंटातल्या देशात पहाटे झाडांकडे बघत चहा प्यायचा, ही गंमत अनुभवण्यासारखी आहे.

तिकीट घेतानाच हे तपासा

लाउंजचा खरा निर्णय दाराशी नाही, तिकीट काढतानाच झालेला असतो. त्यामुळे पुढील गोष्टी आधी बघा.

बिझनेस क्लासमध्येही प्रकार असतात : सगळ्या बिझनेस तिकिटांत लाउंज असतोच असे नाही. उदाहरणार्थ, कतार एअरवेजच्या स्वस्तातल्या ‘बिझनेस लाइट’ तिकिटात लाउंजचा मोफत प्रवेश धरलेला नसतो. थोडे पैसे वाचवायला हे तिकीट घेतले आणि आईबाबांना दारातून परत फिरावे लागले, तर त्यांना वाटणारा संकोच त्या बचतीपेक्षा महाग पडतो. तिकिटात काय मिळते याची यादी पैसे भरण्याआधी नीट वाचा.

एक बिझनेसमध्ये, दुसरा इकॉनॉमीमध्ये : ‘आईला तेवढे बिझनेसचे काढू, बाबा इकॉनॉमीत चालतील,’ असा विचार अनेक घरांत होतो. विमानात हे ठीक, पण बिझनेसच्या तिकिटावर साधारणपणे एकालाच लाउंजमध्ये सोडतात. मग दोघेही बाहेर बसतात, कारण आई बाबांना सोडून आत जाणार नाही. असे तिकीट काढत असाल तर दुसऱ्याच्या प्रवेशाची सोय काय, हे कंपनीला आधीच विचारा.

नेहमीच्या प्रवाशांचे सदस्यत्व : एकाच कंपनीने वारंवार प्रवास करणाऱ्यांना वरच्या श्रेणीचे सदस्यत्व मिळते. एअर इंडिया २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या विमान कंपन्यांच्या गटात आहे. या गटाचे गोल्ड सदस्य इकॉनॉमीच्या तिकिटावरही लाउंजमध्ये जाऊ शकतात आणि सोबत एका पाहुण्याला नेऊ शकतात. कतार एअरवेज ‘वनवर्ल्ड’ गटात आहे आणि तिथेही वरच्या श्रेणींना अशीच सवलत आहे. पण हे सदस्यत्व ज्याच्या नावावर आहे, तो स्वतः प्रवासात असायला हवा. मुलाच्या कार्डावर एकटे आईबाबा आत जाऊ शकत नाहीत.

बँकेच्या कार्डावरचा लाउंज वेगळा : भारतात क्रेडिट किंवा डेबिट कार्ड दाखवून, बहुतेकदा २ रुपयांसारखी नाममात्र रक्कम कापून लाउंजमध्ये जाता येते. पण तो विमान कंपनीचा लाउंज नसतो. गर्दीच्या वेळी तिथे रांगही असते. देशांतर्गत लाउंज चालणारे कार्ड परदेशात चालेलच असे नाही. शिवाय अनेक बँकांनी आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी बँकेच्या अॅपमध्ये खात्री करून घ्या.

पैसे भरून प्रवेश : इकॉनॉमीच्या प्रवाशांसाठी पैसे घेऊन प्रवेश देणारे लाउंजही असतात. दोहाला ‘ओरिक्स’ आणि ‘अल महा’ लाउंज आहेत. थांबा दीड-दोन तासांचाच असेल तर हा खर्च करू नका. पाच-सहा तास असतील आणि सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल, तर मात्र जरूर विचार करा.

आत गेल्यावर आधी काय?

आत गेल्यावर बहुतेक जण आधी जेवणाकडे वळतात. समोर एवढे पदार्थ, तेही मोफत! पण क्रम थोडा बदला.

सर्वांत आधी शॉवरची चौकशी करा. शॉवरच्या खोल्या मोजक्याच असतात आणि गर्दीच्या वेळी नाव नोंदवून थांबावे लागते. टॉवेल, साबण, शाम्पू तिथेच मिळतो. हातातल्या बॅगेत कपड्यांचा एक जोड असला की झाले. रात्रभराच्या जागरणानंतर अंगावर गरम पाणी घेतले की पुढचे १४ तास बरेच सुसह्य होतात.

मग खा, पण थोडेच. पुढच्या विमानातही जेवण मिळणार असते. शाकाहारी असाल तर पदार्थापुढची पाटी वाचा आणि शंका वाटली तर सरळ विचारा. फक्त ‘व्हेज’ म्हणून थांबू नका. ‘नो मीट, नो फिश, नो एग’ असे मोजून सांगा, म्हणजे घोटाळा होत नाही. मधुमेह असेल तर गोळ्यांची आणि खाण्याची वेळ घरच्या घड्याळाप्रमाणे की तिथल्या, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा. मद्य मोफत असले तरी हात आखडता घ्या. विमानातल्या कोरड्या हवेत आधीच शरीरातले पाणी कमी होते.

त्यानंतर आडवे व्हा. शांत खोलीत पाय वर घेऊन पडता येते. पाय सुजत असतील तर हा तासभराचा आराम फार मोलाचा असतो. फोन चार्जिंगला लावा आणि घरी ‘पोहोचलो’ म्हणून कळवा.

घड्याळ सांभाळा

लाउंजमधला मोठा धोका म्हणजे तिथला आराम! बहुतेक लाउंजमध्ये प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. कुणी येऊन उठवेल, या भरवशावर राहू नका. पडद्यावर गेटचा क्रमांक अधूनमधून बघा, कारण तो बदलू शकतो.

दोहाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. मोबाइल आपोआप बदलतो, बाबांचे मनगटी घड्याळ बदलत नाही. मग ते अडीच तास आधीच ‘चला, चला, उशीर झाला’ म्हणून सर्वांना उठवतात! उतरल्याबरोबर घड्याळ लावून घ्यायला सांगा. गेट विमान सुटण्याच्या साधारण २० मिनिटे आधी बंद होते आणि मोठ्या विमानतळावर गेटपर्यंत चालायला १५-२० मिनिटे सहज लागतात. अमेरिकेच्या विमानांसाठी गेटपाशी आणखी एक तपासणी असते. म्हणून मोबाइलवर गजर लावा आणि विमानाच्या किमान दीड तास आधी लाउंजमधून उठा. व्हीलचेअर सांगितली असेल तर आत शिरतानाच काउंटरवर गेट आणि वेळ सांगून ठेवा.

एवढे भान ठेवा

लाउंजमध्ये वागण्याचे नियम कुठे लिहिलेले नसतात, पण ते अवघडही नाहीत. फोनचा स्पीकर लावून बोलू नका. व्हिडिओ कॉल करायचाच तर हेडफोन लावा. मुलांना खेळण्याच्या जागेत न्या. ताटात उरेल इतके वाढून घेऊ नका आणि सफरचंदे-बिस्किटे पर्समध्ये भरू नका. कपडे नीटनेटके असावेत, बस्स. पंजाबी ड्रेस, साडी, स्वेटर, स्पोर्ट्स शूज सगळे चालते. आजूबाजूला बघाल तर सूटवाल्यांपेक्षा ट्रॅक पँटवालेच जास्त दिसतील.

लाउंज नसेल तरी हिरमुसू नका

इकॉनॉमीचे तिकीट आहे आणि पैसे खर्च करायचे नाहीत, तरीही सोय होते. दोहाच्या विमानतळावर सर्व प्रवाशांसाठी मोफत शांत खोल्या आहेत, तिथे पाय पसरून आराम करता येतो. ऑर्चर्ड बागेत कुणीही जाऊन बसू शकते. थांबा फारच मोठा असेल तर विमानतळाच्या आतच हॉटेल आहे. रिकामी बाटली सोबत ठेवली तर पाणी विकत घ्यावे लागत नाही. प्रत्येक मोठ्या विमानतळाच्या वेबसाइटवर अशा सोयींची माहिती असते. दहा मिनिटे वाचलेत तर आईबाबांचे पाच तास सुखाचे जातील.

एक कागद लिहून द्या

आईबाबा निघण्याच्या आदल्या रात्री एक कागद घ्या आणि मोठ्या अक्षरात मराठीत लिहा : लाउंजचे नाव, तो कुठे आहे, दाराशी कोणता कागद दाखवायचा, ‘पैसे द्यायचे नाहीत’, शॉवर आधी विचारा, किती वाजता उठायचे आणि तुमचा फोन नंबर. त्याखाली इंग्रजीतही एक ओळ लिहा : ‘कृपया आम्हाला या लाउंजपर्यंत आणि नंतर गेटपर्यंत पोहोचवा.’ हा कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. मोबाइलवरचा मेसेज ऐनवेळी सापडत नाही, कागद सापडतो.

सुरुवातीच्या गोष्टीतल्या मुलीने सहा महिन्यांनी आईबाबांना परत पाठवताना हेच करावे. मग दोहाहून फोन येईल, ‘‘अगं, अंघोळ झाली, बाबा झोपलेत. आणि कुणी काही विचारलेसुद्धा नाही, नुसता कागद बघितला आणि या म्हणाले!’’