दोन स्क्रूंवरची कवळी

सत्तरी ओलांडलेल्यांच्या घरात हा संवाद हल्ली बऱ्याचदा ऐकू येतो. दातांच्या डॉक्टरांनी इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू रोवून त्यांवर दात बसवण्याचा, आकडा कागदावर लिहून दिलेला असतो, साडेतीन लाख. अमेरिकेतला मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, करून टाका, पैशांचं मी बघतो." बाबा म्हणतात, "अरे, आता राहिलीत किती वर्षं? एवढे पैसे तोंडात कशाला घालायचे?" दोघांचंही लक्ष आकड्यावर. तोंडात काय उरलंय आणि काय गेलंय, याची चौकशी कोणीच करत नाही. खर्च वसूल होणार की नाही, हे मात्र तिथेच ठरतं.

वर्षांची शंका आधी मिटवून टाकू. साठी गाठलेला भारतीय सरासरी आणखी सुमारे १८ वर्षं जगतो. नीट बसवलेली इम्प्लांट्स दहा वर्षांनंतरही शंभरात नव्वदहून अधिक जागच्या जागी असतात. आधुनिक इम्प्लांट ज्याच्या तोंडात पहिल्यांदा बसलं, तो स्वीडनमधला गोस्टा लार्सन २००६ साली वारला. १९६५ साली त्याच्या खालच्या जबड्यात बसवलेले स्क्रू तोवर काम देत होते. ऐंशीच्या माणसाचं हाडसुद्धा टायटॅनियमला धरतं. तेव्हा नुसत्या वयाचं कारण पुढे करून नाही म्हणायची गरज नाही.

हाड टायटॅनियमला असं धरतं, हे एका सशामुळे कळलं. १९५२ च्या सुमारास लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी कुपी बसवून हाडातला रक्तप्रवाह पाहत होता. कुप्या महागड्या, पुन्हा वापरायच्या, म्हणून प्रयोग संपल्यावर त्या काढायला गेला तर निघेनात. हाड धातूला घट्ट चिकटून वाढलं होतं. टायटॅनियमला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर बसतो. शरीर त्या थराला परकं मानून वेढा घालत नाही, थेट त्याच्यालगत हाड रचतं. सशाच्या पायापासून माणसाच्या जबड्यापर्यंत यायला ब्रोनेमार्कला तेरा वर्षं लागली, आणि जगभरच्या दंतवैद्यांनी मनावर घ्यायला १९८२ ची टोरांटोची परिषद उजाडावी लागली.

त्या सगळ्या खटाटोपातला एक धडा आजही डॉक्टरच्या हातात असतो, तो म्हणजे हाड तापू द्यायचं नाही. ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट जरी हाड तापलं तरी त्या जागेच्या पेशी मरतात आणि स्क्रूभोवती हाडाऐवजी नुसतं तंतुमय ऊतक भरतं. असा स्क्रू पुढे हलतो. म्हणून ड्रिल सावकाश चालवायचं, वरून सलाइनची धार सोडायची आणि मग तीन ते सहा महिने थांबायचं. ‘एका दिवसात पक्के दात’ अशी जाहिरात दिसली तर एवढं लक्षात ठेवा की पहिल्या दिवशी लागतात ते तात्पुरते, प्लास्टिकचे दात. तेही स्क्रू बसवतानाच हाडाची पकड पुरेशी मिळाली तरच. हाडाला घाई कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दात गेलेली सगळी तोंडं सारखी नसतात.

ज्याचे समोरचे आणि मधले दात शाबूत आहेत आणि फक्त शेवटच्या दाढा गेल्या आहेत, त्याला बहुधा काहीच करायची गरज नसते. नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या केझर या प्राध्यापकांनी १९८१ मध्येच मांडलं होतं की वर दहा आणि खाली दहा, समोरासमोर भेटणारे, असे वीस दात असले की रोजचं खाणं निभावतं. जपाननं १९८९ पासून चालवलेल्या मोहिमेचं लक्ष्यही हेच होतं, ऐंशीव्या वर्षी वीस दात. २०१६ च्या तिथल्या पाहणीत ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून अधिक लोकांनी ते गाठलं होतं. पंचाहत्तरीच्या माणसाला मागच्या दोन दाढांसाठी लाखभराचं अंदाजपत्रक मिळालं, तर ते नम्रपणे परत करायला हरकत नाही.

दुसऱ्या टोकाला बोळकं झालेलं तोंड. इथे वरचा आणि खालचा जबडा यांची दुखणी इतकी वेगळी आहेत की दोघांना एकाच पॅकेजमध्ये बांधणं मला पटत नाही.

वरची कवळी टाळूवर बसते. जागा भरपूर, मध्ये लाळेचा पातळ थर, कडेनं हवाबंद, त्यामुळे ती चिकटून राहते. खालची नालाच्या आकाराची, तिला आधाराची जागा वरच्याच्या जवळपास निम्मी, आणि मध्ये सतत वळवळणारी जीभ. भाकरीचा तुकडा समोरच्या दातांनी तोडायला जावं तर मागून कवळी उचलते. पेरूची एखादी बी किंवा तीळ खाली शिरला की घास तसाच ठेवून उठावं लागतं. चारचौघांत बोलताना टकटक होते म्हणून माणूस बोलणं आवरतं घेतो. काही जण मग खालची कवळी फक्त लग्नाकार्याला, फोटोपुरती घालतात. चांगल्या कवळीनंही चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या फार तर चौथ्या हिश्शाएवढी मिळते.

आणि हे दुखणं वाढत जातं. दात गेला की त्याला धरणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. टालग्रेन या संशोधिकेनं १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कवळी वापरणाऱ्या लोकांचा तब्बल पंचवीस वर्षं मागोवा घेतला होता. खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट निघाली. पाच-सात वर्षांपूर्वी छान बसलेली कवळी आता डुगडुगते, त्यात कवळी करणाऱ्याचा दोष असेलच असं नाही.

पण हनुवटीच्या मागचं, खालच्या जबड्याचं पुढचं हाड घट्ट असतं. बाकीचं झिजलं तरी तिथे सहसा दोन स्क्रू मावतील एवढं उरतं, आणि जबड्यातली मोठी नस त्या भागाच्या अलीकडेच बाहेर पडते. तिथे दोन इम्प्लांट बसवायची, त्यांच्या डोक्यावर छोट्या गुंड्या आणि कवळीच्या आतल्या बाजूला त्यांच्या जोडीच्या वाट्या. ब्लाउजच्या टिचबटणासारखी कवळी टक् करून बसते आणि रात्री हातानं निघते. २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवून टाकलं की खाली एकही दात नसलेल्या माणसाला साधी कवळी नव्हे, अशी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय म्हणून सांगावा.

पैशांचं बोलू. शहर, कंपनी आणि डॉक्टर यांनुसार आकडे बदलतात, पण ढोबळ मानानं आपल्या शहरांत एक इम्प्लांट वरच्या कॅपसकट तीस ते पन्नास हजारांना पडतं. एका जबड्यात चार-सहा इम्प्लांट आणि त्यांवर पक्के दात म्हटलं की दोन ते चार लाख. खाली दोन इम्प्लांट आणि कवळी साधारण लाखाच्या अलीकडे-पलीकडे. अपघात सोडला तर बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत दातांचा खर्च वगळलेला असतो, तेव्हा रक्कम खिशातूनच जाणार. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे खर्च बराच कमी येतो. खेपा जास्त घालाव्या लागतात, आणि निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

माझं मत विचाराल तर म्हातारपणी इम्प्लांटवर घातलेल्या रुपयाचं सगळ्यात जास्त मोल या दोन स्क्रूंमध्ये आहे. वरच्या जबड्याचं हाड मऊ, त्याच्या वर सायनसची पोकळी, त्यामुळे तिथे हाड भरायचा वेगळा खर्च निघतो. आणि तिथली साधी कवळी तशीही बऱ्यापैकी चालत असते.

काढता येणं हा गुण लोकांना कमीपणाचा वाटतो. ‘पक्के’ दात हवे असतात. पण पुढची पंधरा वर्षं डोळ्यांसमोर आणा. इम्प्लांटला कीड लागत नाही, मात्र त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड सडू शकतं. इम्प्लांट असलेल्या साधारण पाचांतल्या एकाला हा त्रास होतो, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसतं. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची गादी असते, दाब कळतो तो तिच्यामुळे. इम्प्लांटला ती नसते, त्यामुळे बिघाड होतो तो बराच काळ न दुखता. पक्क्या दातांच्या खाली बारीक ब्रश रोज फिरवावा लागतो. हात थरथरायला लागले, विसरभोळेपणा आला की तो फिरत नाही. टिचबटणाची कवळी मात्र दिवसपाळीच्या मावशीही काढून, धुऊन, वाटीत ठेवू शकतात. तिच्या आतले नायलॉनचे छल्ले सैल पडतात, अधूनमधून बदलावे लागतात. तो खर्च किरकोळ.

इम्प्लांट करण्याआधी डॉक्टरला काय सांगायचं ते आता. रोजच्या गोळ्या डॉक्टरला सगळेच सांगतात. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा लावलेलं सलाइन किंवा सहा महिन्यांनी घेतलेलं इंजेक्शन मात्र ‘औषध’ म्हणून कुणाच्या ध्यानातच येत नाही. झोलेड्रॉनिक ॲसिड आणि डेनोसुमॅब ही ती औषधं. ही औषधं चालू असताना जबड्याच्या हाडाला जखम केली, तर क्वचित ती जखम भरूनच येत नाही. कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत ती चालू असतील तर हा धोका बराच वाढतो. पण ती आपल्या मनानं बंदही करायची नाहीत. डेनोसुमॅब अचानक थांबवल्यानं मणके मोडल्याची उदाहरणं आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच, हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. साखर आटोक्यात नसेल तर आधी ती आणावी. सिगारेट-विडीनं इम्प्लांट फसण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, आणि मशेरी हिरडीला सुखानं नांदू देत नाही. ही सवय सोडायची तयारी नसेल तर पैसे वाचवलेले बरे.

अपेक्षेबद्दलही एक गोष्ट. दोन इम्प्लांटवरची कवळी मिळाली की माणूस आपोआप सकस खायला लागेल, असं वाटतं. मॉन्ट्रियलमध्येच झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साधी कवळी आणि इम्प्लांटवरची कवळी यांची वर्षभरानं तुलना केली, तेव्हा आहारात म्हणावा असा फरक आढळला नाही. चावणं सोपं होतं, पण दहा वर्षं मऊ भात आणि दुधात कुस्करलेली पोळी खाणाऱ्याचं ताट तसंच राहतं. काकडी, मोड आलेली मटकी, दाण्याचा लाडू हे घरच्यांनी मुद्दाम परत ताटात आणावं लागतं.

इम्प्लांट करायचं ठरलंच तर डब्यावरचा स्टिकर मागून घ्या आणि फाइलला लावून ठेवा. त्यावर कंपनी आणि मापं असतात. आठ वर्षांनी वरचा भाग सैल झाला आणि आधीचा दवाखाना बंद झालेला असला, तर नव्या डॉक्टरला कोणता भाग मागवायचा हे त्या चिटोऱ्याशिवाय कळत नाही.

आणि ज्यांचे खालचे दात अजून सगळे गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी खास. शेवटी उरलेले चार-पाच दात ‘काढूनच टाकू, मग एकदम इम्प्लांट करू’ असं सुचवलं जातं. त्यांत दोन सुळे असतात, मुळानं लांब, सगळ्यांत चिवट. त्यांचं रूट कॅनाल करून ते हिरडीलगत छाटायचे आणि त्यांच्यावरून कवळी बसवायची, ही जुनी आणि स्वस्त पद्धत आहे. क्रम आणि रूनी या दोन संशोधकांनी १९७८ साली पाच वर्षांची मोजमापं मांडली. सगळे दात काढलेल्यांच्या खालच्या जबड्याचं पुढचं हाड सरासरी ५.२ मिलिमीटर खचलं होतं, सुळे राखलेल्यांचं ०.६ मिलिमीटर. तुमचे खालचे दोन सुळे घट्ट असतील, तर काढायला होकार देण्याआधी ते दुसऱ्या एखाद्या प्रोस्थोडॉन्टिस्टला, म्हणजे कृत्रिम दातांच्या तज्ज्ञाला, दाखवा आणि ते राखता येतील का, हे स्पष्ट विचारा.