बाटलीमागचं झाड (भाग ९) : चेरीचं फळ, चेरीची साल

मावशीच्या औषधांच्या डब्यात दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या. न्यू जर्सीच्या मुलाने दिवाळीला येताना आणलेल्या. दोन्हींवर काळपट लाल चेरीचा घोस. एकीत फळाच्या अर्काच्या कॅप्सूल, त्या युरिक ॲसिडसाठी. दुसरीत सालीचा अर्क, तो खोकल्यासाठी. "एकाच झाडाचं आहे ना, मग दोन्ही घेतलं तर काय बिघडलं?" असं तिने विचारलं आणि आजच्या लेखाचा विषय ठरला.

आधी झाड. अमेरिकेत ज्याला ब्लॅक चेरी म्हणतात ते प्रूनस सेरोटिना, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं रानझाड. मेक्सिकोत त्याच्याच एका उपजातीला कापुलीन म्हणतात. फळ वाटाण्याएवढं, घोसाने लागणारं, चवीला थोडं कडवट. फळवाल्याकडे मिळते ती मोठी, गोड चेरी म्हणजे प्रूनस एव्हियम, आणि आंबट चेरी म्हणजे प्रूनस सेरॅसस. बाटलीवर नुसतं ‘ब्लॅक चेरी’ छापलं असेल, तर आत यांपैकी नेमकं काय आहे ते कळत नाही. भिंग घेऊन बसलो तेव्हा मावशीच्या फळाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत प्रूनस एव्हियम निघालं आणि सालीच्या बाटलीवर प्रूनस सेरोटिना. झाडं दोन, चित्र मात्र एकच.

सालीचा इतिहास खरोखर मोठा आहे. चेरोकी आणि इतर मूळ अमेरिकी लोक ती सर्दी-खोकल्यावर वापरत. पुढे ती अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशात गेली आणि तिचं सिरप औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षं विकलं गेलं. हे सिरप जाणूनबुजून न उकळता, गार पाण्यात अर्क उतरवून करत. त्यामागे त्या सालीचं रसायन आहे.

सालीत आणि पानांत प्रूनेसिन नावाचा पदार्थ असतो. तो फोडणारं एन्झाइम झाडाने वेगळ्या कप्प्यात ठेवलेलं असतं. साल कुटली, पान चुरगळलं की दोघं एकत्र येतात आणि त्यातून दोन गोष्टी सुटतात : कडू बदामासारखा वास येणारं बेन्झाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड. उकळलं तर एन्झाइम मरतं, म्हणून सिरप करणारे आच लावत नसत. बियांत ॲमिग्डालिन असतं, त्याचाही शेवट सायनाइडमध्येच होतो. बी चुकून अख्खी गिळली तर सहसा त्रास होत नाही. चावून किंवा कुटून खाल्ली तर होतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे विष नवं नाही. पावसाने ओढ दिली, कोवळी ज्वारी सुकली आणि जनावराने ती खाल्ली की किरळ लागते. जनावर धापा टाकतं, कोसळतं. तेही सायनाइडच. अमेरिकेत ब्लॅक चेरीची कोमेजलेली पानं खाऊन गुरं अशीच दगावतात. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरताच येत नाही.

थोडं सायनाइड आपलं यकृत गंधकाच्या मदतीने निकामी करतं, त्यामुळे सिरपचे दोन चमचे घेऊन कुणी कोसळत नाही. पण अर्क किती तीव्र आहे आणि त्यात प्रूनेसिन किती, हे बाटलीवर नसेल तर ‘थोडं’ म्हणजे किती ते ठरवणार कसं? गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि लहान मुलांनी हा अर्क घेऊ नये, इतरांनीही महिनोन्‌महिने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वहिवाट जुनी असली तरी ती चाचणीची जागा घेत नाही.

फळाची गोष्ट वेगळी, आणि जास्त आशेची. १९५० साली टेक्सासमध्ये लुडविग ब्लाऊ यांनी चेरी खाऊन गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड साठून होणारी सांधेदुखी, कमी झालेल्या १२ रुग्णांची नोंद छापली. २०१२ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी गाऊटच्या ६३३ रुग्णांची वर्षभर माहिती घेतली. आधीच्या दोन दिवसांत चेरी खाल्ली असेल तर झटक्याचा धोका ३५ टक्के कमी दिसला. चेरीबरोबर ॲलोप्युरिनॉल हे युरिक ॲसिड उतरवणारं औषधही चालू असेल तर ७५ टक्के कमी. हे निरीक्षण होतं, चाचणी नव्हे. पुढे न्यूझीलंडमध्ये गाऊटच्या ५० रुग्णांना २८ दिवस आंबट चेरीचा घट्ट रस देऊन पाहिला, तेव्हा युरिक ॲसिड काही उतरलं नाही. २००५ मध्येच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चेरीची उत्पादनं रोग बरे करतात असा दावा करणाऱ्या २९ कंपन्यांना इशारापत्रं पाठवली होती. तिथे १९९४ च्या कायद्यानुसार असलं पूरक विकायला आधी गुण सिद्ध करावा लागत नाही, हे बॅगेतून बाटली काढताना लक्षात ठेवायला हवं.

चेरी खावी, आवडीने खावी. मधुमेह असेल तर घट्ट रसातली साखर मोजावी, मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यातल्या पोटॅशियमबद्दल डॉक्टरांना विचारावं. मावशीने गेल्या महिन्यात कॅप्सूलच्या भरवशावर ॲलोप्युरिनॉल बंद केलं होतं, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटली. ते डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झालं आहे. सालीची बाटली डब्यातून निघाली. फळाच्या कॅप्सूल संपेपर्यंत घेते म्हणाली, त्याला डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही.